नावाची कणीक

परातीत कणीक घ्यायची, तळहाताने सारखी करायची आणि अनामिकेने तिच्यावर ‘राम’ लिहायचं. मग पाण्याची धार. पाणी पडलं की अक्षर मिटायचं; पण साधनाच्या लेखी ते आत गेलेलं असायचं, मिठासारखं. मळून झालं की बोराएवढ्या गोळ्या वळायच्या, डब्यात भरायच्या आणि उजाडता उजाडता गाडी काढायची.

देवशयनी एकादशीपासून तिचा हा नेम चालला होता. दुबईजवळच्या रास अल खैमात तेव्हा उन्हाळा ऐन भरात असतो. पहाटेसुद्धा दार उघडलं की तोंडावर कोणी गरम ओलं फडकं टाकावं तसं होतं, चष्म्याच्या काचा धुरकटतात. प्रकाश, तिचा नवरा, टाइल्सच्या कारखान्यात निघण्याआधी चहा घेता घेता म्हणाला होता, “यंदाच्या चातुर्मासात काय सोडलंयस? गेल्या वर्षी तू मीठ सोडलंस आणि घरातले सगळे अळणी झालो.”

“यंदा सोडलं नाही काही. धरलंय.”

“काय ते?”

ती नुसती हसली. नेम बोलून दाखवला की त्यातला जीव जातो, असं तिच्या आईचं म्हणणं. आई गेली, म्हणणं राहिलं. त्यामुळे साधना रोज सकाळी कुठे जाते ते घरात माहीत होतं. पण कशासाठी जाते ते तिच्यापुरतं आणि देवापुरतं होतं.

ती जायची हम्मादच्या मळ्यावर. हम्माद म्हणजे इथलाच म्हातारा अरब. त्याची खजुराची झाडं, भेंडी, वांगी. साधना त्याच्याकडून वर्षानुवर्षं भाजी घ्यायची. मळ्याच्या टोकाला, झाडांना पाणी द्यायला म्हणून खणलेलं एक मोठं तळं होतं. आता ठिबकच्या नळ्या आल्या आणि तळ्याकडे कोणी बघेनासं झालं. पाण्यात शेवाळ आणि पाणगवत एवढं माजलं होतं की लांबून हिरवं शेतच वाटावं. डास होऊ नयेत म्हणून हम्मादने केव्हातरी त्यात चिलापी माशांची पिल्लं सोडली होती. ती तिथेच वाढली, त्यांना पिल्लं झाली. बारके मासे काठाला वळवळायचे. थोरले मात्र आत, शेवाळाच्या पोटात, जिथे खोल गारवा असेल तिथे. उन्हाळ्यात तर ते दिसायचेच नाहीत.

साधनाला दिसायचे. पंपाच्या ओट्याजवळ शेवाळात एक भोक होतं, परातीएवढं, काळ्या पाण्याचं. ती ओट्यावर बसून तिथे गोळी टाकायची आणि हळू आवाजात रामरक्षा म्हणायची. आधी पाणी नुसतं हलायचं. मग खालून एक रुंद, शेवाळी पाठ वर यायची, मग दुसरी. थाळीएवढे मासे. त्यातला एक तर असा की त्याच्या पाठीवरचा पंख मध्येच फाटलेला. त्याला ती मनातल्या मनात थोरला म्हणायची. तो गोळी ओढून घ्यायचा नाही; तोंड उघडायचा, आणि गोळी आपली आत जायची.

“सिस्टर, मछली लोग तुमको पहचानता,” हम्माद एकदा म्हणाला होता. “हमको देख के भागता. हमारा पानी, हमारा मछली, तुम्हारा दोस्त!”

दर गोळीमागे साधनाचं मागणं एकच होतं. मिल्ड्रेडला बरं कर.

मिल्ड्रेड वसईची. शाळेच्या ऑफिसात होती, साधनाच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायची. दोघींच्या मुली एका बसने शाळेत गेल्या. साधनाच्या घरचे मोदक आणि मिल्ड्रेडच्या घरच्या नाताळच्या करंज्या या दारातून त्या दारात जात राहिल्या. साधना हळू बोलणारी, मिल्ड्रेड जिन्याच्या तळाशी हसली तर वरच्या मजल्यावर कळावं अशी. त्या मिल्ड्रेडच्या पोटात वैशाखात गाठ निघाली. दुबईच्या डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं आणि आषाढ लागायच्या सुमाराला सांगितलं की आता घरी न्या, तिला हवं ते खाऊ घाला. वसईला न्यायचं तर विमानात बसवण्यासारखी तिची तब्येत नव्हती.

हवं ते खाऊ घाला म्हणाले, पण तिला काही जात नव्हतं. सगळ्याला पत्र्याची चव येते म्हणायची.

श्रावणातल्या एका सोमवारी संध्याकाळी साधना तिच्यासाठी भाताची पेज घेऊन गेली. मिल्ड्रेड उशाला टेकून बसली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या.

“आली पेजवाली,” मिल्ड्रेड म्हणाली. “ये बाय. तुझ्या पेजेला एक बरं आहे, तिला चवच नसते. बिघडायला काही नाही.”

“दोन घास घे, मग हवं तेवढं बोल.”

“मला मासा पाहिजे,” मिल्ड्रेड लहान पोरीसारखी म्हणाली. “आमच्या वाडीतल्या बावखलातला.”

बावखल म्हणजे वसईत वाडी शिंपायला खणलेलं तळं, हे साधनाला तिच्याकडूनच ठाऊक झालेलं. मिल्ड्रेडचं लहानपण त्याच्या काठावर गेलेलं.

“त्याला शेवाळाचा वास असायचा गं. लोक नाक मुरडायचे. मला तोच पाहिजे. बाटली मसाला, कैरी, आणि तो वास. हेन्रीने मार्केटातून आणला होता, बर्फातला. बर्फासारखाच लागला.”

दार वाजलं. हेन्री आला. मिल्ड्रेडचा नवरा, हॉटेलात बँक्वेटचं बघायचा, तिच्यासाठी सकाळच्या पाळ्या सोडून दुपारच्या घेतल्या होत्या. आज सुट्टी होती वाटतं. एका हातात गळाचा बांबू, दुसऱ्या हातात रिकामी बादली.

“काय मग, कोळी?” मिल्ड्रेड म्हणाली. “दर्या लुटून आलात?”

“लूट आहे ना.” हेन्रीने बादली तिरपी करून दाखवली. तळाशी बोटाएवढे मासे. “मांजराला होईल.” मग साधनाकडे वळून, आवाज जरा उतरवून म्हणाला, “बारक्यांत नुसते काटे, वहिनी. हिच्या घशाला काटा चालायचा नाही. थोरलाच पाहिजे, ज्याची काटा काढून वडी निघेल. आहेत तिथे, शेवाळाच्या आत हलताना दिसतात. पण कोळंबी लावली, गांडूळ लावलं, कोंबडीची कलेजी लावली. नाकासमोर गळ सोडतो तरी ढुंकून बघत नाहीत. जाळं टाकलं तर जाळंभर शेवाळच वर आलं. असे सुस्त, जसे कोणाकडे तरी पोटभर जेवून आलेत.”

साधनाच्या हातातला चमचा थांबला. “कुठे जाता तुम्ही?”

“इथेच. हम्मादच्या तळ्यावर. रोज उन्हं वर आली की जातो, आज सुट्टी म्हणून दुपारीही. दोन आठवडे झाले.”

पेजेवर साय धरली होती. साधनाने ती चमच्याने बाजूला केली, पुन्हा केली.

ती बाहेर आली, पण शेजारच्या आपल्या दारात शिरली नाही. जिन्याच्या पायरीवर बसली. तिच्या हाताने जेवून मासे तृप्त होत होते, आणि मागून हेन्री जाऊन रिकाम्या बादलीने परत येत होता. मिल्ड्रेडसाठी धरलेला नेम मिल्ड्रेडच्याच तोंडातला घास अडवून बसला होता. आणि तो तिने कोणाला सांगितला नव्हता, म्हणून कोणाला कळायचा मार्गही नव्हता.

नेम थांबवला तर? नेम मिल्ड्रेडच्या जिवासाठी होता. तो आपल्या हाताने थांबवायचा म्हणजे आपणच म्हणायचं, की खलास, ती काही आता राहत नाही.

दुसऱ्या दिवशी ती कणीक घेऊन गेली, मासे आले, तिने गोळ्या घातल्या. राहवलं नाही. मग मात्र ती घरी गेली नाही. खजुराच्या सावलीत, पदराने वारा घेत थांबली. उन्हं वर आल्यावर हेन्रीची गाडी आली.

तिने त्याला सगळं सांगितलं. सांगताना आवाज इतका खाली गेला की हेन्रीला वाकून ऐकावं लागलं. ती वाट बघत होती की तो चिडेल. निदान म्हणेल, वहिनी, आधी तरी सांगायचं.

हेन्रीने टोपी काढली. तळ्याकडे बघत राहिला.

“रोज घालता?”

“रोज.”

“तिच्यासाठी.”

“हो.”

“मग नका थांबवू,” तो म्हणाला. “मी दुसरं काहीतरी बघतो. फुजैराला बोटवाले आहेत, समुद्राचा ताजा देतील. तुमचं चालू राहू दे, वहिनी. मी तिकडे मेणबत्त्या लावतोय, तुम्ही इकडे हे करताय... कुठून काय लागू पडेल, कोणी सांगावं.” आणि मोठा धिप्पाड माणूस, बांबू गाडीत घालताना त्याला दारच सापडेना.

तो तसाच परत गेला. साधना तिथेच उभी. तिला वाटलं होतं की हे ओझं हेन्री उचलून घेईल. त्याने ते तिच्याच डोक्यावर नीट बसवून दिलं होतं.

पण हेन्रीला बायकोपासून काही लपवता आलं नाही. दोन दिवसांनी साधना पेज घेऊन गेली, तेव्हा मिल्ड्रेडने दाराकडे बोट केलं.

“लाव ते. बस इथे. चोरटे.”

साधना बसली.

“म्हणजे माझ्या नवऱ्याचे मासे तू पळवतेस.” मिल्ड्रेड हसायला गेली, खोकला आला. खोकला थांबेपर्यंत साधनाने तिची पाठ धरून ठेवली. हाताला नुसता कणा लागत होता. “केवढे झालेत गं ते?”

साधनाने दोन्ही हातांनी दाखवलं.

“जीजस! बघ म्हणजे. देवाचं नाव तू माझ्यासाठी घातलंस, आणि बाळसं धरलं माशांनी.”

या खेपेला साधनालाही हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरले.

मिल्ड्रेडने तिचा हात आपल्या हातात घेतला. तिचा आवाज आता साधनापेक्षाही हळू झाला होता.

“मी बरी होणार नाही, साधना. मला माहीत आहे, त्या डॉक्टरला माहीत आहे. हेन्रीला माहीत आहे पण तो मेणबत्त्या आणतो. आणि तू आहेस. तुम्ही दोघं मिळून मला असं धरून ठेवलंय, की मला भूक लागली हेसुद्धा तुम्हांला ऐकू येत नाही.”

“असं नको बोलू.”

“मग कसं बोलू? बरी कर म्हणून तू नेम धरलास, मला न विचारता. बरं, धरलास. आता मी मागते ते दे. मला जेवू घाल.”

एसीचा आवाज येत होता. खालून कोणीतरी “यल्ला, यल्ला” करत पोरांना गाडीत कोंबत होतं.

“मी कधी मेलेला मासा हातात धरला नाही गं,” ती शेवटी म्हणाली.

“मग जिवंत धर,” मिल्ड्रेड म्हणाली, आणि डोळे मिटले.

दुसऱ्या पहाटे साधनाने परातीत कणीक घेतली, सारखी केली आणि बोट उचलून थांबली. आज नाव घालायचं नाही, असं तिने रात्रीच ठरवलं होतं. देवाचं नाव गळाला कसं लावायचं? साधी कणीक मळावी, त्याला यात ओढू नये. तिने पाण्याचं भांडं उचललंसुद्धा. पण मग तिच्या मनात आलं, एवढे दिवस घास घातला तेव्हा तो साक्षीला होता, आणि आज त्याला दाराबाहेर उभं करायचं? जे त्याच्यापासून लपवावंसं वाटतं ते करूच नये. आणि करायचंच असेल, तर त्याच्यासमोर करावं. तिने भांडं खाली ठेवलं. अनामिकेने ‘राम’ लिहिलं, रोजच्यापेक्षा मोठं. मग पाणी घातलं.

हेन्री तळ्यावर आधीच येऊन थांबला होता. मिल्ड्रेडने त्यालाही समोर बसवलं असणार. त्याने बांबूला आखूड दोरी बांधली होती, दोरीवरचं तरंगतं बूच काढून टाकलं होतं. शेवाळात लांब फेकून उपयोग नसतो, तो हलक्या आवाजात सांगत होता. भोकातून सरळ खाली सोडायचा, आणि लागला की सरळ वर. खेळवत बसलं की मासा शेवाळात शिरतो, दोरीला गुंडाळून तोडतो.

“मासा मादी निघाला, पोटात पिल्लं असली तर?” साधनाने विचारलं.

“चिलापी पिल्लं तोंडात धरते, वहिनी. आणि तोंडात पिल्लं असली की ती घास घेतच नाही. उपास असतो तिचा.”

साधनाने मान हलवली. हे तिला समजण्यासारखं होतं.

तिने एक गोळी टाकली, रामरक्षा सुरू केली. पाणी हललं. पहिली पाठ वर आली. हेन्री गळ घेऊन ओट्यावर पुढे झाला, त्याची सावली काळ्या पाण्यावर पडली, आणि क्षणात पाणी रिकामं. शेवाळाच्या कडा तेवढ्या हलत राहिल्या.

पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला हेन्री मागे सरला. घामाने त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता.

“मला नाही जमणार. तुम्हांलाच ओळखतात ते.” त्याने बांबू तिच्यापुढे धरला.

साधनाने त्याच्याकडे बघितलं. मग बांबूकडे. जिवंत धर, मिल्ड्रेड म्हणाली होती.

हेन्री खजुराआड गेला. तिने पदर खोचला, गळाला आपल्या हाताने गोळी लावली. टोक आत गेलं की नाही हे बघताना अंगठ्याला टोचलं. ती ओट्यावर रोजच्या जागी बसली. मोकळी गोळी टाकली. हळू आवाजात म्हणू लागली. थोडं चुकलं, पुन्हा पहिल्यापासून धरलं. मासे आले. का येणार नाहीत? एकदाही तिने त्यांना फसवलं नव्हतं.

तिने गळ सोडला. खालून फाटक्या पंखाचा थोरला वर येत होता, रोजच्यासारखा, सावकाश. दुसरा कोणी आला असता तर, असं तिच्या मनात आलं. दोरी ओढून घ्यायला अजून वेळ होता. तिचा हात हललासुद्धा. तिने तो थांबवला. थोरल्याने तोंड उघडलं आणि गोळी आपली आत गेली.

“वर!” हेन्री मागून ओरडला. “सरळ वर, वहिनी!”

बांबू वाकला. हाताला असा हिसका बसला की ती अर्धी उठली. खाली सगळं शेवाळ ढवळून निघालं. तिने दोन्ही हातांनी बांबू छातीशी धरला आणि ओढला, आणि मासा शेवाळाची झालर घेऊनच ओट्यावर येऊन आदळला. हेन्रीने धावत येऊन त्याच्यावर ओला टॉवेल टाकला.

टॉवेलखाली थोरला धडपडत होता. हेन्रीने छातीवर क्रूस काढला, खिशातली सुरी काढली आणि तिला म्हणाला, “तुम्ही तिकडे बघा.”

साधनाने दुसरीकडे बघितलं नाही. एवढं केल्यावर बघणंही तिच्याच वाट्याचं होतं. तिने ओल्या टॉवेलवर तळहात ठेवला आणि तो शांत होईपर्यंत ठेवून राहिली. डब्यात गोळ्या उरल्या होत्या. जाताना तिने त्या पाण्यात सोडल्या. वर कोणी आलं नाही. गोळ्या तशाच खाली गेल्या.

कालवण हेन्रीने केलं, दार लावून, पण वास जिन्यात आलाच. बाटली मसाला, कैरी, आणि त्यामागे तो ओला, हिरवा वास. साधना दारात आली तेव्हा मिल्ड्रेड उशाला टेकून नाकाने श्वास ओढत होती.

“बावखल,” ती म्हणाली. एवढंच.

हेन्रीने ताटली आणली. मऊ भात, वर पिवळं कालवण, माशाचा जाड तुकडा. तो बायकोशेजारी बसला, तुकड्यातले काटे काढायला लागला. एक काटा काढला, तो पुन्हा भातातच पडला. तो शोधायला गेला आणि सापडेना. “थांब हां, थांब,” तो म्हणत राहिला.

साधनाने ताटली त्याच्या हातातून घेतली.

“वहिनी, तुमचा श्रावण...”

“असू दे.”

तिने हात धुतले, पलंगाच्या कडेला बसली आणि बोटांनी तुकडा उकलला. गरम होता. पांढरे पदर सुटे होत गेले. बारीक काटे डोळ्यांना दिसत नव्हते, अंगठ्याला कळत होते. सकाळी गळ टोचला होता तिथे मसाला झोंबत होता. एक एक पदर तिने दोन बोटांत चिमटून बघितला, भातात कालवला आणि बोराएवढा घास वळला.

मिल्ड्रेडने तोंड उघडलं.

तिने तो लगेच गिळला नाही. डोळे मिटून तोंडात धरून ठेवला. हेन्री श्वास धरून बघत होता. मग तिच्या गळ्याची शीर हलली.

“काटा?” साधनाने विचारलं.

मिल्ड्रेडने नाही म्हणून मान हलवली. “कैरी कमी आहे,” ती नवऱ्याला म्हणाली. “सांगत होते, मार्केटातल्या कैरीला दम नसतो.”

हेन्री हसला की रडला ते कळलं नाही. तो उठून खिडकीपाशी गेला.

“आणखी?” साधना म्हणाली.

“दे.”

ती घास वळत राहिली. ताटलीतलं निम्मंही संपलं नाही. पण मिल्ड्रेड खात होती, आणि मध्येच डोळे मिटून कोणाच्या तरी हाका सांगत होती. वाडीत कोण कोणाला जेवायला बोलावत होतं, पाण्यातून वर ये म्हणत होतं. मग तशीच झोपली. साधनाने तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं.

घरी आली तेव्हा तिची मुलगी ओवी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. साधना जवळून गेली तशी तिने मान वर केली.

“मॉम? इज दॅट फिश?”

“हो.”

“ऑन यू?” ओवी बघतच राहिली. “बट इट्स श्रावण.”

साधना बेसिनपाशी गेली. नळ सोडला, आणि हात पाण्याखाली धरायच्या आधी जरा थांबली.

“मिल्ड्रेड मावशी जेवली,” ती म्हणाली.